वीस पेशींचे आतडे

एखाद्या प्राण्याचे आतडे किती पेशींचे बनलेले असते, हा प्रश्न माणसाच्या बाबतीत कोणी विचारत नाही, कारण ती संख्या मोजण्याच्या पलीकडची असते आणि गेल्या आठवड्यात मोजली असती तरी ती या आठवड्याला उपयोगी पडली नसती. आपल्या आतड्याचे अस्तर दर काही दिवसांनी नवे होत असते. सीनोऱ्हॅब्डिटिस एलेगन्स नावाच्या गोलकृमीला मात्र हा प्रश्न खुशाल विचारता येतो. जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या या प्राण्याच्या आतड्यात २० पेशी असतात, आणि जवळजवळ प्रत्येक निरोगी कृमीत त्या तेवढ्याच असतात. अंड्यातून बाहेर पडताना त्या २० असतात, प्रौढपणी २० असतात आणि मरतानाही २० असतात. या संख्येवर पहारा कोण ठेवतो, या प्रश्नाने मला निवृत्तीनंतर बरेच गुंतवून ठेवले आहे.

या कृमीला प्रयोगशाळेत मानाचे स्थान मिळवून दिले ते सिडनी ब्रेनर यांनी. १९६०च्या दशकात केंब्रिजमध्ये त्यांनी त्याची निवड केली आणि १९७४ साली त्याच्या आनुवंशिकीवरचा पहिला मोठा शोधनिबंध प्रसिद्ध केला. प्राणी पारदर्शक आहे, जिवाणूंवर जगतो, साधारण तीन दिवसांत अंड्यापासून प्रौढ होतो आणि उभयलिंगी असल्यामुळे एकटाच सुमारे ३०० पिल्ले देतो. जॉन सल्स्टन यांनी जिवंत भ्रूण सूक्ष्मदर्शकाखाली धरून, रोज तासन्‌तास बसून, कोणती पेशी केव्हा दुभंगली याच्या नोंदी हाताने केल्या, आणि १९८३ साली त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भ्रूणाची संपूर्ण पेशी-वंशावळ प्रसिद्ध केली. भ्रूणात ६७१ पेशी तयार होतात, त्यांतल्या ११३ ठरल्या वेळी मरतात आणि ५५८ पेशींचा कृमी अंड्याबाहेर येतो. ब्रेनर, सल्स्टन आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांना २००२ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते याच कामाच्या परंपरेतून. नोबेलची गोष्ट सगळ्यांना ठाऊक असते. त्यामागची ती हाताने काढलेली वंशावळ मात्र फार थोड्यांनी पाहिलेली असते, आणि माझ्या मते खरे आश्चर्य तिथे आहे.

बेळगावात प्राणिशास्त्र शिकवण्यात माझी नोकरी गेली. गोलकृमी म्हटले की आमच्या प्रयोगशाळेत फॉर्मेलिनच्या बरणीतला ॲस्कॅरिस निघायचा. वीतभर लांब, पिवळट, निर्जीव असा तो जंत मुलांना फारसा आवडत नसे आणि त्यात त्यांची चूक नव्हती. जिवंत गोलकृमी पाहायचे असतील तर मात्र आमच्या खानापूर तालुक्यासारखी जागा नाही. पावसाळा लागला की उरलेसुरले फणस झाडाखालीच कुजतात, आणि त्या कुजक्या गऱ्यांत आणि खालच्या ओल्या मातीत असंख्य सूक्ष्म कृमी वळवळत असतात. ते बाहेर काढायला महागडे उपकरण लागत नाही. काचेच्या नरसाळ्याच्या देठाला रबरी नळी जोडावी, नळीला चिमटा लावावा, तोंडावर जुन्या धोतराचा तुकडा ताणून त्यात मूठभर माल ठेवावा आणि कापड भिजेल इतके पाणी भरावे. कृमी कापडातून सरपटत पाण्यात उतरतात आणि पाण्यात वर चढता येत नसल्यामुळे तळाशी जमतात. सकाळी चिमटा सैल करून चार थेंब काचेच्या बशीत घेतले की झाले.

सूक्ष्मदर्शकाखाली प्रथम नजरेत भरते ती घशाची हालचाल. घशातला स्नायूंचा गोल कंद क्षणाक्षणाला आवळतो आणि सुटतो, आणि जिवाणू चिरडून मागे ढकलतो. त्या कंदाच्या मागे शरीराच्या जवळजवळ शेवटापर्यंत एक गडद, दाणेदार पट्टा गेलेला दिसतो. बाकीचे शरीर काचेसारखे असताना हा पट्टा तेवढा काळसर, कारण आतड्याच्या पेशी बारीक कणांनी ठासून भरलेल्या असतात. हे कण ध्रुवित प्रकाशात चमकतात, आणि ते भ्रूणातच तयार होऊ लागत असल्यामुळे, जेव्हा जनुकशास्त्र फारसे हाताशी नव्हते तेव्हा, भ्रूणातली कोणती पेशी आतडे होणार आहे हे ओळखण्याची तीच खूण होती. फणसाखालच्या त्या गर्दीत नेमका सी. एलेगन्स कोणता, हे सांगणे माझ्या सूक्ष्मदर्शकाच्या आवाक्यात नाही. पण त्याच्या या भाऊबंदांचा पट्टा पाहूनही पुढचे सगळे समजायला सोपे जाते.

हा संपूर्ण पट्टा एका पेशीची संतती असते. तिला ‘ई’ पेशी म्हणतात. भ्रूण चार पेशींचा असताना त्यातली ‘ईएमएस’ नावाची पेशी शेजारच्या ‘पी२’ या पेशीला चिकटून असते. त्या स्पर्शातून एक रासायनिक निरोप मिळतो, आणि ईएमएस दुभंगली की ज्या बाजूला निरोप मिळाला त्या बाजूची कन्या ‘ई’ होते. १९९२ साली बॉब गोल्डस्टाईन यांनी या दोन पेशी वेगळ्या करून दाखवले की स्पर्श वेळेत झाला नाही तर आतडे होतच नाही, आणि वेगळ्या केलेल्या पेशी वेळेत पुन्हा एकत्र आणल्या तर होते. त्यानंतर एका जनुकाने दुसरे, दुसऱ्याने तिसरे जागे करायचे, अशी साखळी सुरू होते आणि ‘ईएलटी-२’ या प्रथिनाशी येऊन ठेपते. ते प्रथिन पुढे जन्मभर आतड्याला आतडे म्हणून टिकवते. ही साखळी पाठ्यपुस्तकांत सविस्तर सापडते, म्हणून मी तिच्यावर रेंगाळत नाही. मला कुतूहल आहे ते ‘ई’ पेशी किती वेळा दुभंगते आणि का थांबते, याचे.

हिशेब वरवर सोपा दिसतो. एकाच्या दोन, दोनाच्या चार, चाराच्या आठ, आठाच्या सोळा. सोळावर बहुतेक पेशी थांबतात. सर्वांत पुढच्या दोन आणि सर्वांत मागच्या दोन, अशा चार पेशी मात्र आणखी एकदा दुभंगतात, आणि बेरीज वीस होते. या वीस पेशी नऊ कड्यांत रचल्या जातात, पहिल्या कड्यात चार आणि पुढच्या प्रत्येक कड्यात दोन. मधून पोकळी जाते. सोळाच्या टप्प्यावर सगळ्या थांबल्या असत्या तरी नळी झालीच असती, असे वाटते; मग त्या चौघींनाच आणखी एक फेरी का, याचे उत्तर हिशेबात नाही. हिशेब लिहून ठेवलेलाच नाही. पेशीला मोजता येत नाही. तिच्यात फक्त काही प्रथिने वाढतात, काही नष्ट होतात, आणि त्या वाढण्या-नष्ट होण्यातून बाहेरून पाहणाऱ्याला आकडा दिसतो.

सुरुवातीच्या भ्रूणात पेशीविभाजन अतिशय घाईचे असते. डीएनएची नक्कल करायची आणि दुभंगायचे, पुन्हा नक्कल, पुन्हा दुभंगणे; मध्ये वाढीसाठी किंवा तपासणीसाठी थांबायची सोय नसते. ही घाई मोडणाऱ्या पहिल्या पेशींत ‘ई’च्या दोन कन्या येतात. भ्रूण २६ पेशींचा असताना या दोघी पृष्ठभाग सोडून आत शिरतात, आणि आत शिरण्याआधी आपल्या चक्रात एक विसावा घेतात : नक्कल झालेली असते, दुभंगणे पुढे ढकललेले असते. आतड्याची ओळख ठरवणारी जनुके बिघडलेल्या काही उत्परिवर्ती भ्रूणांत हा विसावा नाहीसा होतो. तेव्हा या पेशी पृष्ठभागावरच घाईने दुभंगतात आणि आत जाणे बिघडते. म्हणजे आतड्याला आतडे होण्याची आज्ञा देणारी जनुकेच त्याला सबुरीही शिकवतात. भ्रूणशास्त्रात पेशीची ओळख आणि पेशीचा वेग ही दोन स्वतंत्र प्रकरणे म्हणून शिकवली जातात. इथे ती एकाच हाताने लिहिलेली आहेत.

आता थांबण्याकडे वळू. पेशीला दुभंगायला लावणारे यंत्र सीडीके नावाच्या विकराचे असते, आणि ते यंत्र एरवी अडकवून ठेवलेले असते. वी-१ नावाचे विकर त्यावर फॉस्फेटचे गट चिकटवून त्याला निष्क्रिय करते. ते गट काढून यंत्र मोकळे करण्याचे काम सीडीसी-२५ या कुळातली प्रथिने करतात. सी. एलेगन्सच्या भ्रूणाला यांपैकी सीडीसी-२५.१ हे प्रथिन स्वतः बनवायची घाई नसते, कारण आईने ते अंड्यात भरून दिलेले असते. लेकीला वाटेसाठी बांधून दिलेली ही शिदोरी आहे. भ्रूण पुढे सरकतो तशी ती आटत जाते, आणि तिचे आटणे हा अपघात नसून ठरवून केलेली कारवाई आहे. एलआयएन-२३ नावाचे प्रथिन सीडीसी-२५.१ ला ओळखते, त्यावर नष्ट करण्याची खूण चढवते आणि पेशीतली विल्हेवाट यंत्रणा उरलेले काम करते.

हे कसे कळले, ती गोष्ट मला फार आवडते. २००२ साली दोन वेगवेगळ्या प्रयोगशाळांनी, एक मॉन्ट्रियलची आणि एक ग्लासगोची, असे कृमी प्रसिद्ध केले की ज्यांच्या आतड्यात वीसपेक्षा पुष्कळ जास्त पेशी होत्या. बाकीचे शरीर जवळपास यथास्थित होते. स्नायू, त्वचा, मज्जातंतू यांची संख्या ढळली नव्हती. दोन्ही प्रयोगशाळांनी दोषी जनुक शोधले तर ते एकच निघाले, सीडीसी-२५.१. आणि बिघाड कुठे? एका कृमीत प्रथिनाच्या साखळीतला ४६ वा दुवा बदलला होता, दुसऱ्यात ४७ वा. शेकडो दुव्यांच्या साखळीतले हे दोन शेजारी, आणि ते दोन्ही नेमके त्या छोट्या जागेत बसतात की जी पाहून एलआयएन-२३ला ‘हे नष्ट करायचे आहे’ हे कळते. खूण पुसली गेली, प्रथिन वेळेवर मेले नाही, आणि आतड्याच्या पेशी एक-दोन फेऱ्या जास्त दुभंगल्या. जनुक नाहीसे होऊन नव्हे, तर जनुकाचे फळ जास्त काळ टिकून हा घोटाळा झाला.

यातला सगळ्यात अवघड भाग असा की सीडीसी-२५.१ भ्रूणात सर्वत्र असते, शिदोरी सगळ्यांना वाटलेली असते, मग ती वेळेवर न आटल्याचा त्रास आतड्यालाच का व्हावा? एलआयएन-२३ संपूर्ण नाहीसे केले तर अनेक ऊतींत पेशी जास्त होतात. या दोन बदलांनी मात्र आतडेच बिघडते. याचा एक अर्थ असा लावता येतो की इतर ऊतींत थांबण्याचे दुसरे पहारेकरीही पुरेसे सक्षम असतात, आणि आतड्याची भिस्त या एका शिदोरीवर इतरांपेक्षा जास्त असते. मला हा अर्थ पटतो, पण मी त्याला शेवटचा शब्द म्हणणार नाही. माणसातही सीडीसी-२५ए हे प्रथिन याच जातीच्या खुणेने नष्ट केले जाते, आणि काही कर्करोगांत ते प्रमाणाबाहेर सापडते; त्यामुळे दोन शेजारी दुव्यांच्या या गोष्टीकडे वैद्यकाचेही लक्ष गेले. मला स्वतःला मात्र कर्करोगाचे नाव घेतल्याशिवाय कृमीची बाजू मांडता येऊ नये, ही सवय खटकते. कृमीचे आतडे कृमीसाठी पुरेसे महत्त्वाचे असते.

साधारण १४ तासांत अंडे फुटते, वीस पेशी जागेवर बसलेल्या असतात, आणि इथे गोष्ट संपायला हवी. कृमी मात्र अजून चौपट लांब व्हायचा असतो, आणि आतड्याला त्याच्याबरोबर वाढायचे असते, तेही एकही नवी पेशी न करता. हे जमते कसे, ते एडवर्ड हेजकॉक आणि जॉन व्हाइट यांनी १९८५ साली दाखवले. पिल्लाला खायला मिळाले नाही तर काहीच घडत नाही. ते तसेच थांबून राहते. खायला मिळाले, तर पहिली कात टाकण्याच्या सुमारास आतड्यातल्या बहुतेक पेशींची केंद्रके दुभंगतात, पण पेशी दुभंगत नाहीत. जास्तीत जास्त १४ पेशी अशा द्विकेंद्रकी होतात. पुढच्या टोकाकडच्या पेशी सहसा यात भाग घेत नाहीत. म्हणून प्रौढ कृमीच्या आतड्यात पेशी २० पण केंद्रके ३० ते ३४. इतक्या काटेकोर प्राण्यातही या एका जागी थोडी सैल गाठ ठेवलेली आहे, हे मला विशेष वाटते. त्यानंतर केंद्रकेही दुभंगायचे थांबतात, आणि प्रत्येक कातीच्या वेळी फक्त डीएनए दुप्पट होते. शेवटी प्रत्येक केंद्रकात गुणसूत्रांच्या संचाच्या ३२ प्रती साठतात, जिथे शरीरातल्या साध्या पेशीत दोनच असतात.

हा क्रम एका ओळीत मांडून पाहिला की मग खरी गंमत कळते. प्रथम नक्कल आणि दुभंगणे, विसाव्याविना. नंतर विसावा घेऊन तेच. नंतर केंद्रक दुभंगते, पेशी नाही. नंतर नक्कल होते, केंद्रकही दुभंगत नाही. फळ्यावर आम्ही पेशीविभाजनाचे एकच वर्तुळ काढतो आणि त्यावर बाण फिरवतो. सोयीसाठी ते ठीकच आहे. कृमीचे आतडे मात्र त्या वर्तुळाचे तुकडे सुटे करून दाखवते आणि वयाच्या एकेका टप्प्यावर एकेक तुकडा गाळत जाते. नियमन म्हणजे सुरू आणि बंद इतकेच, ही समजूत इथे टिकत नाही. काय गाळायचे हा प्रश्न किती करायचे या प्रश्नाइतकाच मोठा ठरतो.

आणि गाळणे हे निव्वळ काटकसरीसाठी नसते. दोन केंद्रके असलेली पेशी आणि तेवढेच डीएनए एका मोठ्या केंद्रकात असलेली पेशी, यांत फरक काय पडावा? २०२२ साली नेदरलँड्समधल्या एका गटाने हे तपासले. आतड्याच्या केंद्रकांना दुभंगू दिले नाही, पण डीएनएचे प्रमाण तेवढेच राहू दिले. कृमी जगले, पण प्रौढपणी अंड्यांसाठी लागणारी पिवळ्या बलकाची प्रथिने ते पुरेशा वेगाने वाढवू शकले नाहीत आणि त्यांच्या प्रजननाला फटका बसला. सी. एलेगन्समध्ये हे बलक आतडेच तयार करते, अंडाशय नव्हे. पचनाचे इंद्रिय दिवसभर पचवते आणि शिवाय पुढच्या पिढीचे अन्नही शिजवते. त्या कामाला दोन केंद्रके लागतात.

सुट्या झालेल्या या तुकड्यांचा दुसरा दाखला मला कडोलीच्या बाजूच्या एका मळ्यात मिळाला. बेळगावच्या आसपासचा भाजीपाला गोव्यापर्यंत जातो, आणि टोमॅटोचे पीक बसले की त्याची झळ घराघराला लागते. ओळखीचे एक शेतकरी काका उपटलेली चार झाडे पिशवीत घालून घरी आले. “सर, झाड वाढूलंय, खरं फळच धरंना. मुळं बघा की कशी झाल्यात,” असे म्हणून त्यांनी मुळे पुढे केली. मुळांवर शेंगदाण्याएवढ्या गाठी होत्या, एकीला एक लागून. मुळावर गाठी आणणारा हा सूत्रकृमी, मेलॉयडोगायनी, सी. एलेगन्सचाच दूरचा नातलग आहे. फरक इतकाच की हा जिवाणू खात नाही, झाडाचे खातो.

गाठ ब्लेडने उभी चिरली. आत मोत्यासारख्या पांढऱ्या, नासपतीच्या आकाराच्या माद्या होत्या, टाचणीच्या टोकाहून लहान. मग एक पातळ काप रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला आणि काकांना डोळा लावायला सांगितले. मादीच्या तोंडाशी काही पेशी बाकीच्यांच्या कितीतरी पट मोठ्या फुगलेल्या होत्या, आणि त्या प्रत्येकीत गडद ठिपक्यांची गर्दी होती. “एका घरात इतकी माणसं?” काका म्हणाले. ते ठिपके म्हणजे केंद्रके. कृमीची अळी मुळात शिरते, रसवाहिन्यांजवळ ठाण मांडते आणि आपल्या घशाच्या ग्रंथींतला स्राव सुईसारख्या सोंडेने झाडाच्या पेशींत सोडते. त्या स्रावाने झाडाच्या निवडक पेशी पुन्हा पुन्हा केंद्रके दुभंगतात पण स्वतः दुभंगत नाहीत, शिवाय डीएनएही दुप्पट-चौपट करतात, आणि त्यातून झालेल्या राक्षसी पेशी कृमीला जन्मभर अन्न पुरवतात. स्वतःच्या आतड्यात गोलकृमी जे तुकडे गाळतात, तेच तुकडे हा भाऊबंद टोमॅटोच्या मुळाला गाळायला लावतो.

हा स्राव नेमका कोणकोणत्या प्रथिनांचा असतो, यावर बरेच काम झाले आहे आणि अजून चालू आहे. काकांना ते सांगत बसलो नाही. मुळांसकट सगळी झाडे मळ्याबाहेर काढून जाळायला सांगितली, उन्हाळ्यात खोल नांगरट करून माती तापू द्यायला सांगितली, आणि पुढच्या हंगामात टोमॅटोच्या जागी झेंडू घ्यायचे सुचवले, कारण झेंडूच्या मुळांतल्या द्रव्यांनी हे सूत्रकृमी कमी होतात. काकांनी आणखी एकदा डोळा लावला आणि विचारले, “सर, ह्याला हे कोण शिकवलं म्हणायचं?” मी म्हटले, शिकवले कोणी नाही, पण ज्या अळ्यांच्या थुंकीत असली प्रथिने होती त्या पोट भरून जगल्या आणि ज्यांच्यात नव्हती त्या मुळातच उपाशी मेल्या, आणि हे कोट्यवधी पिढ्या चालले. काकांनी मान हलवली आणि झेंडूचे बी शहापुरात कुठल्या दुकानी चांगले मिळते ते विचारून घेतले.